संधिप्रकाशाच्या ग्रहावर दोन मुलं

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत मी एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नोकरी करते. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि त्यांची मापं बरोबर आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. या कामाचा आणि परग्रहांचा काही संबंध नाही. तरी सुमारे पाच वर्षं, जवळजवळ दर रविवारी दुपारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर एक परग्रह मांडलेला असायचा. त्याची हवा, पाणी, माणसं, भांडणं मी आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये बसून तयार करायचे. त्या खेळापायी मी एक मैत्रीण गमावली. चूक माझी होती, आणि ती चूक करताना मला आपण फार चांगलं काही करतोय असं वाटत होतं. म्हणून ती नीट सांगायची आहे.

खेळ घरात आणला माझ्या धाकट्या भावाने. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याला हा नाद लागला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. सांगणारा म्हणतो, "दार बंद आहे आणि आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय." खेळणारा म्हणतो, "मी दाराला कान लावतो." कान लावून काही कळलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशी एकेक गोष्ट महिनोन्‌महिने चालते. तिला ते मोहीम म्हणतात. भाऊ नगरला परत येऊन कॉम्प्युटर क्लास चालवायला लागला, तेव्हा फासे बरोबर घेऊनच आला. त्याच्या मोहिमांमध्ये राजे, तलवारी आणि राक्षस असायचे. एकदा त्याचा घसा पार बसला आणि त्याने मला पुढे केलं. "ताई, लहानपणी मला झोपवताना काय काय सांगायचीस. आज तू सांग."

मला तलवारी जमेनात. मी एक अंतराळयान घेतलं, त्यातली पाण्याची टाकी फोडली, आणि तीन तास कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. त्या दिवसापासून सांगणारी मीच झाले.

माझे वडील बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांची एक सवय होती. कुठलीही माहिती सांगून झाली की ते विचारायचे, "बरं, मग काय होईल?" चंद्रावर हवा नाही. बरं, मग काय होईल? आवाज जाणार नाही. मग काय होईल? आई हाक मारेल ते मुलाला ऐकू येणार नाही. ते इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. मोहीम रचायची माझी पद्धत हीच होती. मी एक जाड वही केली. डाव्या पानावर विज्ञान: मासिकांतून, बातम्यांतून, वडिलांच्या जुन्या पुस्तकांतून उतरवलेलं. उजव्या पानावर गोष्ट: वाचलेल्या कादंबऱ्यांमधला एखादा पेच, एखादं पात्र, एखादं रहस्य, आपल्या कामाचं करून घेतलेलं. डाव्या पानावरून उजव्या पानावर जायचा रस्ता म्हणजे वडिलांचा प्रश्न.

आमची सगळ्यात मोठी मोहीम एका लाल, मंद ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरची. तो ग्रह आपल्या ताऱ्याकडे कायम एकच बाजू करून असतो. त्या बाजूला कधी न मावळणारं ऊन, पलीकडे कधी न संपणारा काळोख, आणि मधे संधिप्रकाशाचा एक पट्टा. माणसांनी राहायचं ते या पट्ट्यात. असे ग्रह असू शकतात असं शास्त्रज्ञ म्हणतात, म्हणून मी तो घेतला. तीन महिने मी त्यावर वाचत होते. वारे कसे वाहतील, बर्फ कुठे साचेल, सगळं काढलं होतं.

एक दिवस कॅन्टीनमध्ये मी वहीत त्या ग्रहाची आकृती काढत बसले होते. समोर आमच्याच विभागातली एक मुलगी डबा घेऊन बसली. डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी लागलेली, जामखेड तालुक्यातली, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हुशार होती, पण कामापुरतंच बोलायची. तिने वहीत डोकावून बघितलं.

"म्याडम, ही ड्रॉइंग कुठल्या पार्टची?"

मला हसू आलं. मी तिला ग्रह समजावून सांगितला. ती मुकाट्याने जेवत होती. घास गिळून म्हणाली, "मंग तिथं मानसं जेवतात कवा? दिस उगवतच न्हाई तर सकाळचं कोनतं न्‌ सांजचं कोनतं, कसं कळायचं?"

तीन महिने वाचून हा प्रश्न मला पडला नव्हता. मी तिला म्हटलं, "रविवारी घरी ये."

ती आली. टेबलाभोवती मी, भाऊ, भावाचा एक मित्र, ज्याचं औषधाचं दुकान आहे आणि जो प्रत्येक गोष्टीवर विनोद करतो, आणि आता ही. नवरा रविवारी मुलीला घेऊन त्याच्या आईकडे जायचा, त्यामुळे घर आमचंच असायचं. पहिल्या दिवशी तिला विचारलं, तुला कोण व्हायचंय? कप्तान, डॉक्टर, सैनिक? तिने यादी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "यानात दोनशे मानसं म्हनलात. दुरुस्तीला कोन हाय?" कुणीच नव्हतं. ती यानाची मेकॅनिक झाली.

तिच्या मेकॅनिकने चार वर्षांत एकदाही शस्त्र चालवलं नाही. नव्या जागी उतरलं की ती आधी पाणी कुठे आहे ते बघायची, मग परतीचा रस्ता. दोन वेळा तिच्यामुळे सगळे वाचले. मी तिला कादंबऱ्या द्यायला लागले. गावी जाताना एसटीत ती वाचायची आणि सोमवारी परत आणून द्यायची. एका जाडजूड पुस्तकाबद्दल म्हणाली, "चांगलं हाय. पन ताई, एवढी मानसं एवढ्या लांब गेली, आन पुस्तकात एकदाबी कुनी सैपाक केला न्हाई." तोवर ती मला म्याडमऐवजी ताई म्हणायला लागली होती.

हळूहळू माझ्या वहीचं उजवं पान तिच्या बोलण्याने भरायला लागलं. तिच्या गावात शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक टांगलेला तुकडा होता. तो वाजला की आसपासच्या रानातली माणसंही भाकरीला बसायची. मी संधिप्रकाशाच्या ग्रहावर तशी घंटा टांगली. ती टेबलावर हात आपटून हसली. "ही माझी घंटा हाय!" तिला आवडलं होतं. त्यामुळे मी धीट झाले. कॅन्टीनमध्ये ती काही बोलली की मी मनात टिपून ठेवायचे आणि बसमध्ये लिहायचे. प्रत्येक वेळी विचारत नव्हते. घंटेच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं?

ऑक्टोबर संपत आला होता. कारखान्यात आमची एक खोली आहे, जिथे मापं तपासायची उपकरणं ठेवतात. तिथलं तापमान कायम वीस अंशांवर ठेवावं लागतं, त्यामुळे दार बंद असतं आणि आत आवाज नसतो. आम्ही दोघी गेज पुसून डब्यांत लावत होतो. ती सकाळपासून गप्प होती. मी विचारलं, काय झालं?

"बसमधून येताना टेम्पो दिसला," ती म्हणाली. "ऊसतोडीला निघालेला. समदा संसार वर बांधलेला."

मग ती बोलली. आमची एवढी ओळख होती, पण हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की निघायचे ते उन्हाळ्यात परत. ती आणि धाकटा भाऊ गावात आजीजवळ राहायचे. ती दहा वर्षांची आणि भाऊ सहाचा असताना आजी वारली. त्या वर्षी चुलती म्हणाली, माझी चार आहेत, तुमचं एकच पोर ठेवून घेईन.

"आई चुलीपाशी बसल्ती. मला म्हनली, तूच सांग बाई, कोन ऱ्हातंय. मी म्हनले, मी ऱ्हाते. मला शाळा हाय." तिने हातातला गेज पुन्हा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "त्याला नुकतंच शाळेत घातल्तं. शंभरपर्यंत आकडे यायचे त्याला. उलटेबी यायचे. त्या वर्सी गेला तो गेलाच. परत काय शाळेत बसला न्हाई. आता बायकापोरं घिऊन त्योच जातो तोडीला."

"तो काही म्हणतो का तुला?"

"काय म्हनंल? त्याला म्हाइतीच न्हाई मला इचारलं हुतं म्हनून. त्याला वाटतंय, चुलतीनं निवडलं."

मी तिचा हात धरला. मला खरंच वाईट वाटलं होतं. ते खोटं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, कुनाला सांगू नका." मी म्हटलं, "वेडी आहेस का?"

आणि त्याच दिवशी घरी जाताना बसमध्ये मी वही काढली.

डाव्या पानावर लिहिलं: ग्रहाची कक्षा थोडी लांबट असेल, तर ताऱ्याकडून पाहताना ग्रह किंचित डोलल्यासारखा दिसतो, त्यामुळे उजेड-काळोखाची सीमा पुढे-मागे सरकते. बरं, मग काय होईल? उजव्या पानावर लिहिलं: पट्टा सरकेल. जिथे उजेड जाईल तिथे शेवाळाचं पीक येईल. ते कापायला माणसांना उजेडामागे जावं लागेल. खरं तर अशा ग्रहाचं डोलणं काही दिवसांचं असतं. मी ते ओढून सहा महिन्यांचं केलं. माझ्या वहीत विज्ञानाला एवढा हात मी पहिल्यांदाच लावला. का लावला ते मला माहीत होतं. मला सहा महिने हवे होते.

त्यापुढचं फार पटकन सुचलं. उजेडामागे निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत एकाच मुलाला पुरेल एवढी हवा. मागे, काळोखातल्या तळघरात मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे एकाच मुलाची जागा. दोन मुलं. आमचे खेळाडू त्या वस्तीवर पोचतात, आणि मुलांची आई त्यांना, परक्या माणसांना, विचारते की तुम्हीच ठरवा.

तीन आठवडे मी ते घडवत होते. मी स्वतःला सांगत होते की यात तिची ओळख कुठेच नाही. ग्रह वेगळा, पीक वेगळं, कारण वेगळं. असंही सांगत होते की खेळात का होईना, तिला तो प्रसंग पुन्हा भेटेल, या वेळी मोठं माणूस म्हणून, आणि तिला बरं वाटेल. ही सगळी नंतर जुळवलेली कारणं. मला एक जबरदस्त प्रसंग मिळाला होता आणि तो सोडवत नव्हता, एवढंच खरं.

त्या रविवारी मी पोहे केले होते. सगळे रंगात होते. वस्ती आली, आई आली, दोन मुलं आली. मी मुद्दाम मुलगी मोठी आणि मुलगा लहान ठेवला होता. बदलणं अवघड नव्हतं. प्रसंगाला धार राहत नव्हती म्हणून नाही बदललं.

औषधाच्या दुकानवाला म्हणाला, "मोठीला गाडीत घ्या. कापणीला कामाला येईल." आणि हसला. भाऊ म्हणाला, "फाशावर सोडू या. सम आला तर मुलगी, विषम आला तर मुलगा."

ती बोटाने टेबलावरचे पोह्यांचे कण एका जागी गोळा करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीला कुनी इचारलं का?"

मी त्या मुलांच्या आईच्या आवाजात बोलत होते. तेव्हाही थांबता आलं असतं. नाही, विचारलं नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "विचारलं. ती म्हणाली, मी राहते. मला शाळा आहे."

तिने वर बघितलं. भाऊ आणि त्याचा मित्र पुढे काय होतंय म्हणून वाट बघत होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मोजमाप चुकलेला पार्ट हातात आला की ती जशी पुन्हा एकदा माप घ्यायची, तसं बघितलं. मग समोरचा फासा उचलून तिने माझ्या बाजूला ठेवला.

"फासा नको," ती म्हणाली. "माझी मेकॅनिक खाली उतरती. यानात तिच्या वाटची हवा हाय, जागा हाय. दोन्ही पोरं यानात न्या. शाळा हाय ना यानात?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग झालं. मेकॅनिक हितंच ऱ्हाईल."

भावाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या मित्रालाही या वेळी विनोद सुचला नाही. तो म्हणाला, "काय खेळलीस गं!" आणि मी? माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी खूश होते. असा शेवट मला सुचला नव्हता. मी भराभर वहीत लिहून घेत होते. चार वर्षं खेळलेलं पात्र तिने त्या ग्रहावर सोडून दिलं, म्हणजे आता पुढच्या गोष्टीत तिला जागाच उरली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तिने आपली बशी आणि कप धुऊन ठेवला. चपला घालताना मी तिला म्हटलं, "आज कमाल केलीस."

"व्हय," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

सोमवारी कॅन्टीनमध्ये ती दुसऱ्या टेबलावर बसली. दुपारी एका रिपोर्टवर सही हवी होती, तेव्हा म्हणाली, "म्याडम, इथं सही." पुढच्या रविवारी गावाला जायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तब्येत बरी नव्हती. मला काय झालंय ते कळत होतं, पण मी वाट बघितली. आपोआप निवळेल असं वाटलं. खरं म्हणजे तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. हा खेळ खेळणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. राज्यभरातली दोन-तीनशे मंडळी असतील. भावाने त्या रविवारचा प्रसंग तिथे सविस्तर लिहिला. टाकण्याआधी मला दाखवला होता. मी वाचून एक-दोन शब्द दुरुस्त केले आणि टाक म्हटलं. लोकांनी खूप कौतुक केलं. कुणीतरी विचारलं, हे कुठून सुचतं? भावाने लिहिलं, आमच्या ताईला विज्ञान आणि कथा दोन्हींचा अभ्यास आहे. ते वाचून मला बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी मी बोल्हेगावात तिच्या खोलीवर गेले. दोन मुली मिळून राहायच्या. दुसरी कामावर होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः कॉटवर बसून मेथी निवडायला घेतली. मी इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हटलं, "त्या दिवशीचं तुला लागलं का? मी सगळं बदललं होतं गं. कुणाला कळण्यासारखं काही नव्हतं. ग्रहच वेगळा होता."

"ग्रह बदलला, म्याडम. बोलनं न्हाई बदललं."

तिने मेथीची पानं खुडत पुढे म्हटलं.

"मी तुमाला म्हनले हुते, कुनाला सांगू नका. तुमी सांगितलं न्हाई, ते खरं हाय. तुमी खेळायला दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यो तुमचा मेडिकलवाला हसला. त्याचं काय चुकलं? त्याला वाटलं, गोष्ट हाय."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे आधी म्हणायला हवं होतं. तिने सगळं बोलून झाल्यावर ते तोंडातून आलं.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आन एक सांगू का? तुमी ते चुकीचं केलंत. तुमी पोरगं रडताना दाखवलं. आईचं बोट सोडत न्हाई, असं. आमचा रडला न्हाई. त्याला टेम्पोत समद्यात वर बसवल्तं, गाठोड्यांवर. त्यो लई खूश हुता. मला हात हलवत हुता. रडले ती मी. घरात जाऊन." तिने जुडी परत पुढे ओढली. "तुमी मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, कसं हुतं ते. कदाचित खेळूबी दिलं असतं. तुमी इचारलंच न्हाई."

मला वाटतं, तिला ग्रुपवरच्या लिखाणाबद्दल तेव्हा माहीत नव्हतं. मी ते सांगायला हवं होतं आणि मी नाही सांगितलं. घरी येऊन भावाला ते काढून टाकायला लावलं. तो वैतागला. "ताई, अगं कुणाला काय कळणार आहे? नाव नाही, गाव नाही." माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं. तिने मला जे सांगितलं होतं ते भावालाही सांगता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर उगाच ओरडले. त्याने लिखाण काढलं. पण तोवर ते कितीजणांनी पुढे पाठवलं होतं, देव जाणे. काही महिन्यांनी कोल्हापूरकडच्या कुणीतरी तोच प्रसंग आपल्या मोहिमेत घेतल्याचं भावाने मला आनंदाने सांगितलं. त्या मुलाचं तिकडे काय झालं, मी विचारलं नाही.

रविवार आणखी दोन-तीन चालले. यानात आता दोन मुलं होती आणि मेकॅनिक नव्हती. काही बिघडलं की सगळे सवयीने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. मी एक नवा मेकॅनिक आणला. त्याला कुणीच धड बोलतं केलं नाही, मीसुद्धा नाही. मग औषधाच्या दुकानवाल्याचं लग्न ठरलं, भावाने क्लासची रविवारची बॅच सुरू केली, आणि खेळ बंद पडला. तो बंद पडतोय याचं कुणाला फार वाईट वाटलं असं दिसलं नाही.

उन्हाळ्यात तिला चाकणला चांगली नोकरी लागली. निरोपाला विभागात केक कापला. तिने सगळ्यांना कापून दिला, मलाही दिला. बाकीच्यांना तिने आपला नवा पत्ता सांगितला. मी तो तिच्या मागे उभी राहून ऐकला.

ही आठवण लिहून झाली तेव्हा मी आधी तिला फोन केला. मधे पुरती तीन वर्षं गेली होती. नंबर तोच होता. म्हटलं, असं असं लिहिलंय, पण तू नको म्हणालीस तर फाडून टाकीन. ती म्हणाली, "वाचा." मी वाचत गेले. मधे एकदा म्हणाली, "थांबा, कुकर उतरवते," आणि आली. घंटेचा भाग आला तेव्हा हसल्यासारखा आवाज आला. मला तसा भास झाला असेल. सगळं ऐकून तिने दोन ठिकाणं काढायला सांगितली. एका ठिकाणी मी तिला फार मोठं करून ठेवलं होतं. ती म्हणाली, मी काय तशी न्हाई. दुसरी जागा तिच्या आईबद्दलची होती. दोन्ही काढली. गावाचं नाव नको म्हणाली. ते मी लिहिलं नव्हतंच.

"आणि भाऊ?" मी विचारलं. "त्याच्या कानावर गेलं तर?"

"त्याला सांगितलं मी. औंदा दिवाळीत."

"काय म्हणाला गं?"

शब्द तोंडातून गेले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. त्यात तिची काळजी होती, आणि काळजीइतकीच गोष्टीची हावही होती, जी मला चांगली ओळखीची आहे. फोनमधून भांड्यांचा आवाज आला. तिच्या घरात कुणीतरी ताटं मांडत होतं.

"ते ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी," ती म्हणाली. "बाकी लिहा तुमी."

मी बरं म्हटलं. तिने जेवायला बसायचंय म्हणून फोन ठेवला.